तीन मीटर इकडे, नाही तर तीन मीटर तिकडे

...आणि तो पहारेकरी शिट्टी फुंकून मलाच म्हणतो, "ओ काका, गाडी हलवा, संरक्षित स्थळ आहे!" मलाच! आता तुम्हाला सांगतो, त्या स्थळाचे अक्षांश-रेखांश दशांशचिन्हापुढे पाच आकड्यांपर्यंत कोणी नोंदवले? मी! ती जागा सरकारी नकाशावर कोणी आणली? मी! आणि मीच गाडी हलवायची?... पण थांबा. शेंडा आधी आणि बुंधा मागून, असं नको. आमच्या शास्त्रात गोष्ट मुळापासून सांगायची शिस्त आहे, आणि या गोष्टीचं मूळ आहे तो जीपीएस. म्हणजे खरं मूळ दगड आहेत, पण दगडांनी माझं आजवर काहीही वाईट केलेलं नाही.

मी दगडांच्या गोष्टी गोळा करतो. हसा, हसा, मेहुणाही हसतो. माळावर, खिंडीत, ओढ्याकाठी एकेकटे दगड उभे असतात ना, त्यातला एकही गोष्टीवाचून उभा नसतो हो! कुणी वरातीसकट दगड झालेली नवरी, कुणी राक्षसाने भिरकावलेला आणि नेम चुकलेला. मी जातो, गोष्ट लिहून घेतो, फोटो काढतो, घरी येतो, आणि सहा महिन्यांनी तोच फोटो हातात धरून स्वतःला विचारतो, हा कुठला बरं? कारण वहीत ठिकाण म्हणून काय लिहिलेलं? "जिथं बैल उधळला होता तिथून उजवीकडे." बरोबर आहे, सांगणाऱ्याच्या दृष्टीने अचूक आहे, पण तो बैल आता हयात नाही, मी कुणाला विचारू?

आणि त्या सगळ्या दगडांत माझा जीव एकीत अडकलेला. ऐकणारी म्हातारी! कमरेत वाकलेला, पुरुषभर उंचीचा दगड, आणि कानामागे हात धरावा तसा वरच्या अंगाला एक पापुद्रा. मेंढ्या चारणाऱ्या एका बाईने दाखवला. म्हणाली, "घरात जे बोलता येत नाही ते हिला सांगायचं. ही कुणाला सांगत नाही." आणि वाट कशी सांगितली असेल? "धाप लागली की डावीकडे वळायचं, दुसऱ्यांदा लागली की समोर म्हातारी." आता सांगा, हे काय परिमाण झालं? मी वहीत लिहून घेतलं आणि मनातल्या मनात हसलो. हसायला नको होतं.

कारण दोनच महिन्यांत बातमी आली, खिंडीतून नवा रस्ता होणार! मी धावत इंजिनियरसाहेबांकडे. भला माणूस, टेबलावर नकाशा, नकाशावर चहाचं कडं, कानावर निळी पेन्सिल. म्हणाले, "दगड वाचवायचाय ना? अचूक ठिकाण द्या, मी रस्ता वाकवतो. पण 'बैल उधळला' असलं नको, आकड्यांत द्या." आकड्यांत! त्या क्षणी तुम्हाला सांगतो माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले! म्हातारीचा जीव आता आकड्यांवर आणि आकडे आणायचे माझ्यावर! त्याच संध्याकाळी आम्ही जीपीएस घ्यायला दुकानात.

आम्ही म्हणजे मी आणि आमची ही. गाडी हीच चालवते. मी चालवली तर आम्ही दगडापर्यंत पोहोचत नाही, दगड आमच्यापर्यंत पोहोचतो. दुकानदार उत्साहाचं कारंजं हो! एक यंत्र काढलं, "सर, हा बोलतो, बाईच्या आवाजात वाट सांगतो." ही म्हणाली, "गाडीत एक बाई पुरे." दुसरं काढलं, "हा पाण्याखालचे माशांचे थवे दाखवतो." म्हटलं, आम्हाला दगड दाखवायचेत. मग एक छोटंसं, मुठीएवढं, "हा चालणाऱ्यांसाठी सर, खिशात बसतो." खिशात! ज्याच्या खिशात स्वतःचा चष्मा टिकत नाही त्याने खिशात उपग्रह घेऊन हिंडायचं? मी म्हटलं, भारदस्त काही दाखवा.

आणि मग आला तो! पाटीएवढा पडदा, दहा हजार ठिकाणं पोटात ठेवणारा, डॅशबोर्डला चार स्क्रूंनी ठोकून बसवायचा, बटण दाबलं की टुंग! ठिकाण नोंदलं! मी विचारलं, "चूक किती होते?" तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "तीन मीटर, सर. फार तर तीन मीटर. इकडे, नाही तर तिकडे." तीन मीटर! अहो, आमच्या विषयात तीनशे वर्षांची चूक निघाली तरी आम्ही तिला पाठभेद म्हणतो आणि पुढे जातो! तीन मीटर!

तेवढ्यात ही मधेच, "आणि हे गाडीतून निघतं का?" दुकानदार फुलला, "अजिबात नाही मॅडम! चोर आला तरी निघणार नाही!" ही म्हणाली, "चोराचं नव्हे हो, आपल्याला हवं असेल तर?" "नाही म्हणजे नाही! तीच तर खुबी!" मी म्हटलं, "अगं, तांत्रिक चर्चा चाललीये, तू मधे नको बोलूस." ही गप्प बसली. आमचं लग्न टिकलंय ते हिच्या गप्प बसण्यावर, आणि मी तोंडावर आपटतो तेही हिच्या गप्प बसण्यामुळेच.

काय दिवस होते ते! रोज नवा डोंगर! ही सावली बघून गाडी लावायची, शब्दकोडं उघडायची, मी गळ्यात कॅमेरा अडकवून तास-तासभर वर, फोटो, नोंद, आणि फोटो झाला रे झाला की धावत खाली, घाम निथळतोय, गुडघे बोंबलतायत, दार उघडून आत पडायचं आणि बटण... टुंग! सदतीस दगड, सदतीस टुंग! म्हातारीसाठी त्या मेंढ्यांच्या बाईला वाटाड्या म्हणून नेलं, वर गेलो, तिच्या मागून धापा टाकत, वाट बघायला डोळे होते कुठे? फोटो काढला, खाली आलो, टुंग! आणि आकडे थेट इंजिनियरसाहेबांच्या हातात. मेहुण्याला फोन करून सांगितलं, तीन मीटर! फार तर तीन मीटर!

तीन आठवड्यांनी, शनिवारी, साहेबांनी बोलावलं. नकाशा पसरलेला. "बघा, तुमच्या शब्दाखातर अख्खा रस्ता वाकवला. आधीची आखणी बरोबर तुमच्या खुणेवरून जात होती. आता वळसा घालून वरून नेलाय, त्या पडीक उतारावरून. तिथं काही नाही." माझे डोळे भरून आले हो! मी साहेबांचा हात धरला. आणि आमची ही नकाशावर वाकली, चष्मा वर सरकवला, खुणेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "अहो, हे तर माझं शब्दकोड्याचं ठिकाण."

मी म्हटलं, "काय?"

"हा ओढा, हे वळण, हे एकुलतं एक झाड. इथंच मी गाडी लावते. तुम्ही वरून येता, घाम पुसता, आणि मग बटण दाबता ना?"

तुम्हाला सांगतो, मी तिचं बोट उचलून खाली बघितलं, तेच झाड! यंत्र गाडीला ठोकलेलं, चार स्क्रूंनी, चोर आला तरी निघत नाही! यंत्राला गाडी कुठे आहे ते कळतं, मी कुठे जाऊन आलो ते त्याला काय माहीत? सदतीस दगड म्हणून मी काय जमवलं होतं? सदतीस गाडी उभी करायच्या जागा! त्याही तीन मीटरच्या अचूकतेने! आणि म्हातारी? म्हातारी त्या पडीक उतारावर, जिथं 'काही नाही', नव्या रस्त्याच्या ऐन मधोमध! जुन्या आखणीत तिला धक्काही लागत नव्हता. तिच्या छातीवर रस्ता नेऊन ठेवला तो मी!

साहेब म्हणाले, "दगड हलला असेल तर तसा अर्ज द्या."

"अहो साहेब, दगड हलत नाही, गाडी हलते!"

"कागदावर खूण एकच आहे. बदलायची तर फेरपाहणी, तिला चार महिने. आणि सुरुंग परवा. सोमवारी."

जिन्यावर मी हिला विचारलं, "तू दुकानातच का नाही बोललीस?" म्हणाली, "बोलले होते. तुमची तांत्रिक चर्चा चालली होती."

रविवारी पहाटे निघालो. म्हटलं, निदान सुरुंगाची फुली मारली असेल तर पुसू, आडवे पडू, काहीतरी करू. यंत्राने मोठ्या दिमाखात आणून सोडलं, टुंग, ठिकाण आलं! आलंच होतं, खाली आमच्याच गाडीच्या तेलाचा डाग! पण पुढे कुठे? मेंढ्यांची बाई कळप घेऊन दूर गेलेली. मग वही उघडली. "धाप लागली की डावीकडे." मी दोन पावलं चढलो आणि ओरडलो, "लागली!" ही म्हणाली, "अहो, हे गाडीचं दार आहे." मग माझ्या लक्षात आलं, ती वाट काही माझ्या छातीच्या मापाने सांगितलेली नव्हती, डोंगर रोज चढणाऱ्या बाईच्या मापाने होती. आमची ही रोज तासभर पायी फिरते. म्हटलं, "तू पुढे हो. तुझी धाप प्रमाण." ही पुढे, मी मागे, माझी डावीकडे वळायची दहा ठिकाणं होऊन गेली, मग एकदा ही थांबली, श्वास घेतला, डावीकडे वळली, पुन्हा चढली, पुन्हा थांबली... आणि समोर म्हातारी! हात लांब केला तर हाताला लागेल इतकी समोर! कसले तीन मीटर घेऊन बसलात!

छातीवर तिच्या लाल रंगाची फुली. आणि पायाशी एक दणकट मिशाळ माणूस बसलेला, रस्त्याच्या कामाचा मुकादम, तिच्या कानाशी पुटपुटतोय, "...सरळ आखला, म्हणे वाकवा. वाकवला, म्हणे घाई करा. आणि कशासाठी, तर खाली कुणा शहाण्याचा दगड आहे म्हणे! मी स्वतः बघून आलो आजी, तिथं तेलाचा डाग आहे नुसता! मी काय करू, तूच सांग."

मी शहाणा खाकरलो. ओळख दिली नाही. विचारलं, "हिला उद्या फोडणार?"

"हिला?" तो उठूनच उभा राहिला. "हिला कोण हात लावतो बघू! माझी चाळीस माणसं रोज जेवणाच्या सुट्टीत हिच्यापाशी बसतात. एकाची सासू, एकाचं दुखणं, आणि माझे इंजिनियरसाहेब. ही होती म्हणून काम टिकलं, नाही तर केव्हाच टाकून गेलो असतो."

"पण नकाशा?"

"नकाशा साहेबांचा, फावडं माझं. रस्ता सरकवतो जरासा."

"किती?"

त्याने बाजूला थुंकून अंदाज घेतला. "तीन मीटर. इकडे, नाही तर तिकडे. तेवढं त्यांच्या यंत्राला कळत नाही."

मी खाली बसलो. खरंच बसलो, म्हातारीच्या पायाशी. आमच्या हिने पदराचं टोक पाण्यात भिजवलं आणि म्हातारीच्या छातीवरची फुली पुसायला घेतली, मुकादमाने हात लावला, मीही लावला.

रस्ता झाला. झोकदार झाला. म्हातारी कडेला सुखरूप उभी आहे, कुठल्याही कागदावर नसलेली. आणि कागदावर आहे ती खाली, चार खांब, साखळी, मधे तेलाचा डाग आणि वर पाटी: 'प्राचीन स्थळ. तीन मीटरच्या आत वाहन उभे करू नये.' शिवाय तो पहारेकरी, शिट्टीसकट! "काका, गाडी हलवा!" हिने गाडी पार लांब, ओढ्यापलीकडे नेली, मागच्या सीटवरून शब्दकोडं घेतलं आणि म्हणाली, "उतरा आता. आणि बटण नका दाबू."

मग मी चढलो. दहा धापा टाकत चढलो. म्हटलं, आता म्हातारीला हे सगळं सांगायचं, दुकानदार, चार स्क्रू, शिट्टी, मन मोकळं करायचं. कानाशी बसलो, म्हटलं, "आजी, तुम्हाला सांगतो, तीन मीटर..." आणि मागून मुकादमाचा आवाज, "साहेब, आटपा जरा. मागे रांग आहे."

म्हणून म्हटलं, उरलेलं तुम्हाला सांगावं.