जुन्या गाडीची नवी गादी

आमचे अण्णा कुणापुढं मान झुकवणारे नव्हेत, हे तुम्हाला माहीतच आहे. ताईची सोयरीक ठरवायला कन्नडला जायचं, म्हणून मी आमच्या जुन्या गाडीच्या बसक्या सीटमध्ये क्रांती चौकातून नवी गादी भरून घेतली. ती इतकी फुगली, की अण्णांचा फेटा छताला टेकला.

"फेटा काढून मांडीवर घ्या की," मी म्हणालो.

"सोयरिकीला बोडक्यानं निघू व्हय?"

कन्नडपर्यंत ते मान वाकवून बसले. उतरले तेव्हा मान आखडलेली, काही केल्या वर होईना.

मुलाचे वडील सगळ्यांदेखत म्हणाले, "असा नमून वागणारा व्याही मिळाला, अजून काय पायजे? आमचं ठरलं."

परतताना मी विचारलं, "उद्या गादी कमी करून आणू?"

"लग्न लागेपर्यंत तिला हात लावू नको."