सरांचा कान

सरांच्या शोकसभेला आलेल्या सगळ्यांना जयभीम, नमस्कार. काकू, तुम्ही काल म्हणालात, "तू सरांचा थोरला चेला, तूच बोल." म्हणून उभा राहिलोय. माइक दोन्ही हातांनी धरलाय. रडू येतंय म्हणून नाही. भीती वाटतेय म्हणून.

आतापर्यंत पाच जण बोलले. सर देवमाणूस होते म्हणाले. राव, सर देवमाणूस नव्हते. सर मारायचे. पेटीवर लाकडी पट्टी ठेवलेली असायची. सूर चुकला की बोटांवर बसायची. माझी ही दोन बोटं थंडीत अजून दुखतात. मघाशी गोड बोलून गेलेल्यांनी आपापली बोटं बघावीत.

पण शिकवायचे, हेही खरं. सरांचे वडील भीमगीतांच्या गायनपार्टीत पेटी वाजवायचे. सर जुन्नरला एका बुवांकडं गाणं शिकायला गेले, तर बुवांनी घरात घेतलं नाही. तीन वर्षं ओसरीवर बसून, आत चाललेलं ऐकून शिकले. म्हणून घोडेगावात स्वतःचा क्लास काढला तेव्हा सगळ्यांना एकाच सतरंजीवर बसवलं. बागायतदाराचा पोरगा असो, नाहीतर आमच्या वस्तीतला. आधी सहा महिने नुसता सा. "सा लागंना अन् राग पायजे व्हय तुला?" असं म्हणायचे.

मग सरांचा कान गेला. उजवा पूर्ण गेला, डाव्यात वाकडं ऐकू यायला लागलं. पेटी बरोबर ऐकू यायची, माणसाचा गळा मात्र सुराच्या खाली उतरलेला वाटायचा. सरांनी कुणाला सांगितलं नाही. आम्हाला ते पट्टीनं कळलं. बरोबर गायलं की पट्टी बसायची. जरा चढं गायलं की म्हणायचे, "आत्ता कसं." मग आम्ही काय केलं? आम्ही चढं गायला लागलो. सगळा क्लास. नव्या पोरांना मीच शिकवायचो, एवढं चढव, सर खूश होतात.

एक पोरगी चढवेना. तळेघरची कमल. डोंगरातून एक एसटी, ती चुकली की पुढच्या फाट्यापर्यंत पायी. मी तिला बाजूला घेऊन समजावलं. म्हणाली, "दादा, पेटी हितं हाय, मी तिथं कशी जाऊ?"

सरांनी तिला क्लासाबाहेर जिन्यावर बसवलं. कान तयार होईस्तोवर आत यायचं नाही. ज्या माणसानं ओसरीवर तीन वर्षं काढली, त्यानं. ती तिथंही महिनाभर बसली. एका रविवारी सर सगळ्यांदेखत म्हणाले, "बेसूर हायेस तू. भात लाव जा." आम्ही हसलो. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो, कारण ती गेल्यावर माझ्यापेक्षा बरं गाणारं क्लासात कुणी उरणार नव्हतं.

वर्षभरानं काकूंनी सरांच्या कानाला मशीन बसवून आणलं. त्या दिवशी आम्ही सा लावला आणि सरांनी पेटी थांबवली. एकेकाला परत सा लावायला लावला, सगळ्यांचा चढा निघाला. मग मला म्हणाले, "तळेघरला जा. तिला म्हणावं, चूक माझी व्हती. घिऊन ये तिला."

मी एसटीत बसलोच नाही. दोन दिवसांनी सरांना सांगितलं, "ती नाय म्हणती. तुमचं तोंड बघायचं नाय म्हणती." सर नुसतं "बरं" म्हणाले. त्यानंतर पट्टी उचलली नाही. तुम्ही सगळे म्हणता ना, शेवटी शेवटी सर लई शांत झाले होते? ते असे शांत झाले.

कमल मागं भिंतीला टेकून बसलीय. मघाशी दारात भेटली. मी विचारलं, गातेस का? तर हसत म्हणाली, "बेसूर माणसानं कशाला गायचं, दादा? पोरीला अंगाईबी म्हणली नाय मी."

कमल, तू सुरात होतीस. सरांना ते कळलं होतं. त्यांनी तुला बोलावलं होतं, आणि तो निरोप मी पोचवला नाही. तू यायला नकार दिलास असं धरूनच ते गेले. मी माफी मागत नाही. मागितली तर तू भल्या स्वभावानं देशील, आणि ती मला नको.

आता सगळे उभे राहा. दोन मिनिटं सरांसाठी गप्प राहायचंय. आमच्या क्लासातल्यांना ते जड जाणार नाही.