आरशावरचा ठिपका

(डोळ्यांच्या दवाखान्यातलं लांब बाकडं. दीर आणि वहिनी शेजारी शेजारी.)

दीर — एकदाच सांगा ना, वहिनी. किती बोटं?

वहिनी — सतराव्यांदा विचारताय, भावजी. बाहुली मोठी करायचे थेंब घातलेत. आत्ता जवळचं धूसरच दिसणार. खाली घ्या ती बोटं, लोक बघतायत.

दीर — बघू देत. वीस वर्षं आरसे बसवतोय मी. आरशावर पडलेला उजेड परत फिरतो हे कुणी शिकवायला हवं होतं मला?

वहिनी — मीच म्हणाले ना, घरच्या नव्या आरशावरचा कुठला डाग पुसू ते दाखवा.

दीर — मग उठून बोटानं दाखवायचं! पण नाही. नव्या आरशाला आरसेवाला बोट लावत नाही, ठसा उमटतो. काढला खिशातला लेझर. ठिपका आरशावर दिसेचना, म्हटलं सेल गेला की काय. बटण दाबून धरलं आणि हलवत बसलो. तिथे दिसणार कसा? तो तर तुमच्या तोंडावर!

वहिनी — रफू करत होते, मान वर केली आणि हिरवंगार लखलखलं. झालं. किती उगाळाल?

दीर — काच कापायचा माझा पहिला हिरा तुम्ही घेऊन दिलात. लोकांचे कोट रफू करून करून. आणि मी नेमका त्याच डोळ्यांवर...

वहिनी — रडू नका हं. माझ्या रुमालाला औषधाचा वास येतोय, देणार नाही.

डॉक्टर — (खोलीतून बाहेर येत) रफूवाल्या बाई, मघाशी काढलेले फोटो पाहिले. दोन्ही डोळ्यांचे पडदे स्वच्छ आहेत. कुठेही इजा नाही.

दीर — म्हणजे?

डॉक्टर — म्हणजे तुम्ही आता श्वास घ्या.

वहिनी — सुई ओवता येईल ना मला?

डॉक्टर — उद्या सकाळी खुशाल ओवा. मात्र नजरेच्या मधोमध काळा डाग आला किंवा सरळ रेघ वाकडी दिसली, तर त्याच दिवशी इकडे या. ते यंत्र आणलंय?

दीर — हे घ्या. सेल काढलेत. सौम्य आहे असं लिहिलंय हो त्यावर.

डॉक्टर — लिहिलेलं आणि आतून निघणारं सारखं असेलच असं नाही. किरण जोरदार असला तर पापणी मिटायच्या आत इजा होते, आणि दुखत नाही म्हणून कळतही नाही. यांच्या डोळ्यावरून तो नुसता सरकून गेला असावा. थांबला असता तर आज मी वेगळं काही सांगत असते.

दीर — मी हलवत होतो, म्हणून वाचल्या?

डॉक्टर — असेल. पण त्याचं श्रेय घेऊ नका. कुणाच्या तोंडाकडे धरायचा नाही. आणि आरसा, काच, काहीही चकचकीत असेल तिकडे तर मुळीच नाही.

दीर — आता बोटानंच दाखवीन, डॉक्टर. ठसा पडला तर पुसत बसेन. फार मोठे उपकार झाले तुमचे.

डॉक्टर — मी फक्त पाहिलं हो. सांभाळून न्या त्यांना, बाहेर ऊन लागेल.

दीर — चला वहिनी. हात द्या. पायरी आहे... अजून एक आहे.

वहिनी — पायऱ्या दिसतायत मला. तरी धरा, बरं वाटतंय. आणि घरी गेल्यावर हा शर्ट माझ्याकडे टाका, कोपराला विरलाय.

दीर — एवढ्या धूसर नजरेला तेही दिसलं?

वहिनी — सकाळी येताना दिसलं. थेंब घालायच्या आधी. एक एक डोळा झाकून तिथले धागे मोजत होते मी.

दीर — काही बोलला नाहीत ते!

वहिनी — जीभच उचलेना, भावजी. पण दोन्ही डोळ्यांनी धागे सारखेच भरले.