टिश्यूचं पाकीट

सिंगापूरमधल्या यिशुनच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या सामायिक जागेत, माझ्या शेजारच्या टेबलावर एक मराठी नवरा-बायको येऊन बसले.

"अरुणा, उद्या चर्चमध्ये हेच सांगणार आहे. सुरुवातीच्या शतकांतल्या मंडळीत कुणालाही लगेच बाप्तिस्मा मिळायचा नाही. आधी तीन-तीन वर्षं त्याची वागणूक बघायचे."

"काय बघायचे?"

"आजाऱ्यांना भेटतो का, विधवांना मान देतो का, सगळं."

"छान. प्रताप, या टेबलावर कुणीतरी जागा धरायला टिश्यूचं पाकीट ठेवलं होतं ना?"

"होतं. मी हळूच पलीकडे सरकवलं."

"त्या आजी गरम सूपचा ट्रे घेऊन तेच शोधतायत."

"अरे देवा! ऊठ, ऊठ!"

"मी कशाला उठू? तू जा, ट्रे धर, त्यांना इथेच घेऊन ये. तुझी तीन वर्षं आजपासून मोजते."