नाव रस्त्याकडे, तोंड भिंतीकडे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि नात्याने माझे दीर लागणारे गुणाजीभावजी, ज्यांच्याकडून आजचं जेवण आहे ते प्रमुख पाहुणे नाथाशेठ, संघाच्या कार्यवाह सुहासिनीताई, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते पोपटराव, आणि कपाळावरचा चष्मा पिशवीत शोधणारे समोरचे माझे सगळे बंधुभगिनी, तुम्हा सर्वांना गोदाचा नमस्कार.

भावजी, तुम्ही पुन्हा विसरलात. मागच्या निरोपाच्या वेळी ठरलं होतं की पुढचा समारंभ तळमजल्यावर घ्यायचा. संघ ज्येष्ठ नागरिकांचा, सभागृह दुसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही. विसरलो नाही म्हणालात, तर मी समजेन की गोदा बोलू नये म्हणून मुद्दाम केलंत. तेव्हा विसरलात हेच बरं. माझे गुडघे घरी राहिले, शब्द तेवढे वर पाठवलेत. मी बोलले, माझी नात कल्पिता हिने लिहून घेतलं, आता तीच वाचते आहे. मला अक्षर येत नाही. पण तिने काही गाळलं तर मला कळणार, कारण लोक कुठे कुठे हसले ते मी उद्या बागेत विचारणार आहे.

खरं सांगू का? निरोप देऊन थकले मी. एक इमारत पाडायला निघते आणि आपल्यातलं एक माणूस जातं. कोणी बदलापूरला, कोणी टिटवाळ्याला. जाताना सगळे म्हणतात, "येत राहू हो काकू." येतं कोण? तीच शाल, तोच नारळ आणि माईकवर तेच, "आपली उणीव भासेल." भासेल म्हणजे नेमकं काय होईल, हे कोणी सांगितलंय का आजवर? मग आज मी सांगते.

पोपटराव आपल्या बाळकुमच्या बागेत पहिल्यांदा आले, तेव्हा कळव्याच्या कारखान्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. मुलाने कॅमेरा घेऊन दिला होता. कॅमेरा कसला, पुढे दुधाची किटली लावल्यासारखं नळकांडं. ते घेऊन जास्वंदीमागे उकिडवे बसायचे. सुहासिनीताईंची चालायची वेळ नेमकी तीच. ताई तडक गेल्या.

"काय हो, बायकांचे फोटो काढता? लाज नाही वाटत?"

"बाई, पक्ष्याचा काढत होतो. तुम्ही मध्ये आलात."

"नाव काय तुमचं?"

"पोपट."

"वर चेष्टा करता?"

शेवटी बिचाऱ्यांना आधारकार्ड दाखवावं लागलं. आणि ओळख पटल्यावर ह्याच ताई म्हणतात कशा, "मग माझाही एक काढा ना, झाडाखाली." पोपटराव म्हणाले, "ह्या लेन्समध्ये तुम्ही मावणार नाही. गेटपलीकडे उभ्या राहिलात तर नाक येईल." ताई, रागावू नका. व्यासपीठावर आहात, हसा.

आता बाकाची गोष्ट. ही बाग व्हायच्या आधी तिथे आमची भातशेती होती. कल्पिताचे आजोबा, काळुराम, तिथल्याच चिखलात वाढले. ते गेल्यावर मुलांनी त्यांच्या स्मरणार्थ गुलमोहराखाली सिमेंटचा बाक बसवला. नाव पाठीच्या मागच्या बाजूला, काळ्या फरशीवर. त्या बाकावर एका कडेला मी, दुसऱ्या कडेला पोपटरावांची किटली. त्यांनीच मला तांबट दाखवला. मुठीएवढा हिरवा पक्षी, कपाळाला लाल टिळा. दिवसभर टुक् टुक् टुक्, कोणी तांब्याचं भांडं ठोकत बसल्यासारखं. मी जन्मभर तो आवाज ऐकला होता आणि समजत होते की कुणाचा तरी पाण्याचा पंप चालू आहे.

हा तांबट वाळक्या फांदीला खालून भोक पाडून आत घर करतो. हिरवी, भरलेली फांदी त्याला चालत नाही, वाळकीच लागते. आपल्या संघाला तरी ह्यात आनंद वाटायला हवा होता. पण नाही. दोन उन्हाळ्यांमागे संघानेच अर्ज केला की बाकावरची वाळकी फांदी तोडा, कुणाच्या तरी डोक्यात पडेल. फांद्या तोडणारी गाडी आली, तर पोपटराव बाकावर मांडी घालून बसलेले.

भावजी म्हणाले, "पोपटराव, उठा."

"पिल्लं आहेत आत. उडाली की उठतो."

"आणि फांदी गोदावहिनीच्या डोक्यात पडली तर?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "एवढी काळजी असेल तर बाक हलवा."

हलवला. कंपोस्टच्या खड्ड्याजवळ नेला, आणि फांदीखाली कोणी जाऊ नये म्हणून दोरी बांधली. गवंड्याने विचारलं, तोंड कुठे करू? भावजी म्हणाले, "नाव रस्त्यावरून वाचता आलं पाहिजे. दादाचं नाव आहे." तसंच केलं. नाव रस्त्याकडे आलं, आणि बसणाऱ्याचं तोंड कंपाउंडच्या भिंतीकडे. तुम्ही सगळ्यांनी मागूनच हार घातला, मागूनच फोटो काढला, खूश होऊन घरी गेलात. मी बसले, तर समोर भिंत. तिच्यावर काहीतरी लिहिलंय म्हणे. मला तेही वाचता येत नाही, म्हणजे तेवढीही करमणूक नाही. बोलले नाही. बोलले असते तर बाक पुन्हा गुलमोहराखाली आला असता आणि फांदी गेली असती.

तेव्हापासून रोज सकाळी पोपटराव माझ्या पाठीमागे उभे राहून फोटो काढायचे, मग पुढे येऊन कॅमेऱ्यावर टॉवेलची सावली धरायचे आणि दाखवायचे. "काकू, चोचीत वडाचं फळ आहे बघा." "काकू, हे पिल्लाचं डोकं, मोठं करून दाखवतो." त्यांचे फोटो कधी कुठे छापून आले नाहीत. निम्म्या फोटोंत पक्षी उडून गेलेला असायचा, नुसती फांदी. तीही दाखवायचे. "इथे होता हो काकू." माझ्या पाठीमागे जे काही घडलं, ते मी ह्या माणसाच्या हातात पाहिलं. पोपटराव टिटवाळ्याला गेले की मला भिंत दिसेल. उणीव म्हणतात ती ही.

आता परवाचं. सुहासिनीताई मोठ्या आनंदाने कल्पिताला सांगून गेल्या की आजींना भेट द्यायचं ठरलंय. सोमवारी बाक मूळ जागी न्यायचा, आणि त्याआधी गाडी बोलावून वाळकी फांदी काढून टाकायची. ताई, तुमचं मन मोठं आहे. पण ह्या वर्षीही तांबट त्याच फांदीत आहे. पोपटराव संध्याकाळी माझ्या दारात आले आणि चपला न काढताच म्हणाले, "काकू, पिल्लं आहेत. आणि सोमवारी मी नसेन."

भावजी, मी तर आहे ना? मला भेट नको. फांदी राहू द्या. तिची ती पडेल तेव्हा पडेल, खाली दोरी आहेच. बाकही कंपोस्टजवळच राहू द्या, फक्त फिरवा. तोंड गुलमोहराकडे करा, नाव भिंतीकडे. काळुराम कुठल्याही लग्नाच्या फोटोत मागेच उभे असायचे, त्यांची काही हरकत नसेल. ज्याला नाव वाचायचं त्याने जावं मागे. मला वाचायचं नाहीच, मी नुसती टेकते.

पोपटराव, टिटवाळ्यातही कोणीतरी भिंतीकडे तोंड करून बसवलेलं असेल. त्यांना दाखवत जा. पक्षी उडाला असेल तरी दाखवा.

भावजींचे, नाथाशेठचे, ताईंचे आणि इतका वेळ जेवणाच्या वासात बसून ऐकणाऱ्या तुम्हा सर्वांचे आभार. कुणाला लागलं असेल तर म्हातारीची जीभ म्हणून सोडून द्या. वाचण्यात चूक झाली असेल तर ती कल्पिताची, बोलण्यात झाली असेल तर माझी, दोन्ही पोटात घाला. भावजी माईकवर उत्तर देईपर्यंत कल्पिता खाली बसणार नाही, आणि ती बसेपर्यंत कोणी पानावर बसू नये.

नाथाशेठ, माझा डबा तिच्याबरोबर पाठवा. वरणभात, मऊ भाजी आणि एकच वडा, दात नाहीत. चिठ्ठी नको. कल्पिताच्या तोंडी निरोपही नको, आजीला वाईट वाटू नये म्हणून ती खोटं बोलते. भावजी नाही म्हणाले तर नुसता वरणभात पाठवा. हो म्हणाले तर जिलेबी घाला, आणि ती वेगळ्या वाटीत घाला, म्हणजे झाकण काढताच मला दिसेल.