आखाजीची किल्ली

मी जन्मले तापीकाठी, एका गुजर पाटलाच्या मळ्यात, म्हणजे मळा त्यांचा हो, आमची फक्त झोपडी, माझा बाप सालदार होता. सालदार म्हणजे वर्षभर एकाच मालकाकडे राबायचं, आणि वर्ष आमचं आखाजी ते आखाजी, म्हणजे एका अक्षय्य तृतीयेपासून दुसरीपर्यंत. काय सांगू तुम्हाला, आखाजी म्हटली की तुम्हाला झोके, आमरस, सांजोऱ्या आठवतील. आमच्या घरी मात्र त्या दिवशी बाप सकाळपासून ओट्यावर बसलेला असायचा, पागोटं हातात, मालक पुढच्या सालाला ठेवतो की नाही याची वाट बघत. पोरी झोक्यावर गाणी म्हणायच्या आणि मी बापाच्या तोंडाकडे बघायची. मालकाने हो म्हटलं की मग आई चूल पेटवायची. ती भीती माझ्या अंगात तेव्हापासूनची आहे, आज मला नातवंडं झाली तरी ती गेलेली नाही.

लग्न करून शहाद्याला आले. आमचे हे पिठाच्या गिरणीत कामाला होते, मग स्वतःची गिरणी टाकली. बाजाराकडे जाताना गाळ्यांची ओळ लागते ना, आता तिथे बऱ्याच गाळ्यांना कुलूप आहे, त्यातला कोपऱ्याचा गाळा. गाळे आबांचे. आबा म्हणजे केळीवाले, मोठे शेतकरी, माणूस सोन्यासारखा. कागद नाही, करार नाही, पावती नाही, आबांनी मागितला नाही आणि आम्ही दिला नाही. आबांची रीत एकच होती, ती शेतीतली रीत, सालदाराची. दुकानाचं सालही आखाजीला संपायचं. त्या दिवशी सगळ्या भाडेकरूंनी गाळा बंद करून किल्ली आबांच्या घरी न्यायची, देवघरात ठेवायची, जिजी, म्हणजे आबांची बायको, किल्लीला हळद-कुंकू लावायची, आणि जेवणं झाली की आबा एकेकाला हाक मारून किल्ली परत द्यायचे, म्हणायचे, साल सरनं, नवं साल लागनं, ले माय, तुन्ही किल्ली. मी तुमच्याशी शाळेतलं मराठी बोलते, पण आबांचं बोलणं अहिराणीतच सांगावं लागतं, नाहीतर ते आबा वाटत नाहीत.

सगळे हसायचे, सांजोऱ्या खायचे. मी पण खायची. पण आबांचा हात देवघराकडे जाऊन परत येईपर्यंत माझी नजर त्या हातावरून हटायची नाही. आमचे हे चिडवायचे, म्हणायचे, सुमन, तुन्हा बाप सालदार व्हता, आपण शेठ शेत. शेठ आहोत म्हणे! गव्हाच्या पिठाने पांढरे झालेले शेठ. मग हे गेले. छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत गेले. तेराव्यानंतर मी गिरणी उघडली ती भीत भीतच, मला वाटायचं गाळा यांच्या नावाने होता, हे गेले तर गाळाही गेला. आबा स्वतः दळण घेऊन आले, डबा ठेवला, म्हणाले, पट्टा चढाव, म्हणजे चक्की सुरू कर. बस, तेवढंच.

गेल्या पावसाळ्यात आबा वारले. मुलगा राजूभाऊ, शिकलेला, वाईट नाही हो, मी त्याला लहानपणी गिरणीतल्या वजनकाट्यावर बसवून तोलायची. पण त्याला तिथे मोठं कॉम्प्लेक्स बांधायचं आहे. दिवाळीला भाडं घेऊन गेले तर घेईना. कागद पुढे करून म्हणाला, काकू, आठे सही करा, अकरा महिन्यांचा करार शे, मंग तुमले वरला मजलावर गाळा देसू. मी म्हटलं, राजूभाऊ, वरच्या मजल्यावर गिरणी? बायका डोक्यावर दळण घेऊन जिना चढतील का, आणि चक्की सुरू झाली तर खालच्याचं छत हलेल. तो हसला. मी पण हसले, पण सही न करताच घरी आले.

मुलीने मग वकीलताईंकडे नेलं. त्यांनी समजावलं, आणि मी ते मनात घोकून ठेवलं. कोर्टाचा हुकूम असल्याशिवाय तुम्हाला कोणी बाहेर काढू शकत नाही. नवरा गेला तरी त्याच्यासोबत त्याच गाळ्यात तुम्ही राबत होतात, म्हणून भाडेकरू तुम्हीच. लेखी करार नाही हा तुमचा दोष नाही, तो करून नोंदवून घ्यायचं काम मालकाचं. भाडं घेत नसेल तर मनिऑर्डर करा, परत आली तर परत आलेलीही जपा. लाईट-पाणी तोडता येत नाही. आणि त्या अकरा महिन्यांच्या कागदावर सही करू नका, तो भाडेकरूचा कागद नाही, परवानगीचा आहे, मुदत संपली की तुम्ही रस्त्यावर. मी विचारलं, म्हणजे आता भीती नाही ना? त्या म्हणाल्या, खोटं नाही सांगत, इमारत पाडून नवी बांधायची खरीच गरज आहे असं त्यांनी कोर्टात पटवलं तर कोर्ट ऐकतं, पण ते कोर्टात, रस्त्यावर नाही. एवढं सगळं त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं, पण आखाजीच्या किल्लीचं मी सांगितलंच नाही. ती कायद्याची गोष्ट आहे हे माझ्या ध्यानातच आलं नाही, ते आपलं सणाचं.

मग आखाजी आली. सकाळी मी सांजोऱ्या तळल्या, गिरणी बंद केली, किल्ली धुवून पुसून कमरेच्या पिशवीत ठेवली. शेजारच्या गाळ्यातले टेलरदादा माझ्या आधीच जाऊन आले होते. ते रिकामे परत आले. म्हटलं, दादा, किल्ली? ते म्हणाले, राजूभाऊनी ठेई लिधी, म्हने संध्याकाळे ली जा. आणि डोळे पुसायला लागले, म्हणजे किल्ली आता परत मिळत नाही हे त्यांना कळलं होतं हो, पण मालकाच्या दारात सणाच्या दिवशी किल्ली परत दे असं तोंडाने कसं म्हणायचं. आम्ही कधी म्हटलंच नव्हतं, आबा न मागता देत होते. मी तिथूनच वकीलताईंना फोन लावला, तर त्या फोनवर ओरडल्याच, अहो बाई, किल्ली दिली म्हणजे ताबा दिला, तुम्ही आपणहून गाळा सोडला असं ते म्हणतील, काही झालं तरी किल्ली देऊ नका.

आता जाऊ की नको जाऊ. नाही गेले तर जिजीला वाटेल आबा गेले तशी मीही तुटले. गेले तर किल्ली. शेवटी सांजोऱ्यांचं ताट घेतलं आणि गेले. जिजी देवघरापुढे बसलेली, दृष्टी कमी झालेली, समोर टेलरदादांची किल्ली कुंकू लावून ठेवलेली. राजूभाऊ दारातच उभा. जिजीने हात पुढे केला, म्हणाली, काय वं सुमन, किल्ली आनी नही का? मी म्हटलं, जिजी, किल्ली घर राही गई. आणि तेवढ्यात वाकले तर कमरेतली किल्ली वाजली. राजूभाऊने ऐकलं. जिजीने पण ऐकलं, डोळे अधू असले तरी कान शाबूत आहेत तिचे. मला वाटलं आता हा हात घालून ओढून घेतो. मग जिजीने कुंकवाची वाटी बाजूला सारली आणि मोठ्याने, दारापर्यंत जाईल असं म्हणाली, राहू दे, औंदा तुन्हापाशीच राहू दे. मी पाया पडले, सांजोऱ्यांचं ताट तिच्यापुढे ठेवलं आणि निघाले.

संध्याकाळी टेलरदादांच्या गाळ्याला दुसरं कुलूप होतं. कोर्टात आता राजूभाऊ म्हणतो, त्यांनी स्वखुशीने किल्ली आणून दिली. खोटं आहे का? खरंच दिली होती, आनंदाने दिली होती, तेच तर. टेलरदादा सध्या मेहुण्याच्या ओट्यावर मशीन टाकून बसतात, येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतात, ताबा आणि किल्ली यात फरक नाही का हो?

माझ्यावरही दावा लागला आहे, गाळा पाडायचा म्हणून. तारखा पडतात. वकीलताई म्हणतात आपली बाजू चांगली आहे, भाडं मनिऑर्डरने जातं, परत येतं, ठीक आहे, गिरणी मात्र एकही महिना बंद ठेवू नका. म्हणून ताप असला तरी उघडते. पण कायदा डोक्यात राहतो हो, पायात राहत नाही. रोज सकाळी वळणावर आले की मी थांबते, आपलंच कुलूप आहे ना हे दुरून बघते, आणि मग पुढे जाते. पोरगी म्हणते, आई, तू वेडी झालीस.

मधे एका दुपारी राजूभाऊ आला, एकटा, गिरणीत. पट्टा चालू होता, मी तो बंद केला, मला वाटलं झालं, आला आता. त्याच्या हातात डबा होता. दादर होती, म्हणजे आमच्याकडची ज्वारी, निवडलेली. खाली बघत म्हणाला, जिजी आजारी शे, दुसरी चक्कीनं पीठ तिले चालत नही, बारीक दळी द्या. मी पाटे, म्हणजे चक्कीचे दगड, जवळ घेऊन दळलं, तिला दात नाहीत, मला माहीत आहे तिला कसं लागतं ते. तो पीठ घेऊन गेला, दाव्याचं तो बोलला नाही, मीही बोलले नाही. आता दर आठवड्याला येतो. टेलरदादा म्हणतात, बाई, हा माणूस तुझी गिरणी पाडणार आहे आणि तू त्याला दळून देतेस. जिजी आहे तोवर तो तिच्यासमोर गाळ्याला हात घालणार नाही असं मला वाटतं, पुढचं मला माहीत नाही. म्हणून रोज दिवा लावते तेव्हा म्हणते, देवा, जिजीला उदंड आयुष्य दे. मायेने म्हणते हो, खरंच मायेने. पण तुम्ही लिहिताय म्हणून खरं सांगते, भीतीनेही म्हणते.