बोट हललं, रद्द

रीक्का – पुन्हा ती गोष्ट सुरू केलीत, तर मी हा कागद उचलून चालती होईन, ऑस्मो. सही करा, म्हणजे दोघंही सुटलो.

ऑस्मो – अगं, मासा पोटात फोन घेऊन फिरतोय, तिथवर आलोय. अशा जागी माणसाला अर्ध्यावर सोडतात होय?

रीक्का – चौदा वर्षं ऐकतेय. तुम्ही फोन बनवायचात तेव्हा, तो टिकतो का बघायला नदीच्या बर्फातल्या भोकातून खाली सोडलात. दोन महिन्यांनी एका म्हाताऱ्याने मासा चिरला, तर आत फोन वाजत होता. उचलला, तर पलीकडे तुमची बायको.

ऑस्मो – जेवायला कधी येताय, विचारत होती. तेवढं राहिलं तुझं.

रीक्का – सगळ्या ओउलू गावाला पाठ आहे ती. सही करा.

ऑस्मो – चष्मा विसरलो. तूच वाच.

रीक्का – चष्मा कपाळावर आहे तुमच्या.

ऑस्मो – मग डोळे विसरलो असेन. वाच गं.

रीक्का – 'मार्ता हिल्तुला, वय एक्क्याऐंशी, बेटावर एकट्या राहत. नऊ जानेवारीला सकाळी नवाच्या सुमारास स्वयंपाकघरात पडल्या. मदतीचं ॲप असलेला फोन हातात होता. बटण सलग तीन सेकंद दाबून धरावं लागतं, तसं ते धरलेलं दिसत नाही. संध्याकाळी पाच वाजता घरसेवेची परिचारिका आली तेव्हा मागचं दार उघडं होतं, बाहेर उणे एकोणीस. मंगळवारी रुग्णालयात मृत्यू. निष्कर्ष : ॲपमध्ये दोष नाही. बटण दाबण्यात वापरणाऱ्याची चूक.' खाली चाचणी करणारा म्हणून तुमचं नाव. त्याखाली माझं.

ऑस्मो – कागद कुठे कुठे जाणार?

रीक्का – बाराच्या आत नगरपालिकेला. एक प्रत त्यांच्या बहिणीला, केर्त्तूला.

ऑस्मो – ती केर्त्तू तुला फोनवर काय म्हणाली?

रीक्का – म्हणाली, मार्ताला यंत्रांशी कधी जमलंच नाही. लहानपणी लोणी काढायचं यंत्र मोडून ठेवलं होतं म्हणे तिने.

ऑस्मो – म्हणजे पंचाहत्तर वर्षांपूर्वीचं लोणी अजून निघतंय. आता वरून तुझा शिक्का. शनिवारी मार्ताला पुरतील, मग सगळे कॉफीला बसतील, आणि केर्त्तू पर्समधून हा कागद काढेल. म्हणेल, बघा, मी म्हणत नव्हते? तिला एक बटण दाबता आलं नाही.

रीक्का – कागद काय, खोटा आहे?

ऑस्मो – नोंदी बघितल्यास का तू? त्या फोनच्या?

रीक्का – सारांश बघितला. शून्य हाका.

ऑस्मो – सारांशात माणूस मावत नाही, पोरी. मी काल घरी बसून एकेक ओळ वाचली. बोट टेकलं. बोट हललं. रद्द. बोट टेकलं. बोट हललं. रद्द. एकसष्ट वेळा. पहिली नऊ बारा. शेवटची चारला वीस कमी असताना.

रीक्का – एकसष्ट?

ऑस्मो – मधे एकदा पाऊण तास काहीच नाही. मला वाटलं, संपलं. मग पुन्हा सुरू.

रीक्का – रद्द कुणी केलं?

ऑस्मो – कुणी म्हणजे? तू कोड लिहायचीस ना कधीकाळी? का ती खुर्ची मिळाली की विसरायला होतं?

रीक्का – टोमणे नकोत. सांगा.

ऑस्मो – आमची आई आठव. तू पाहिलंयस तिला, त्या थंड पडवीतल्या बाकावर बसलेली. दारात कुणी आलं की पहिली तीच उठायची. माझ्या बहिणीकडे कुणी आलेला असला, तर म्हणायची, जा गं, बोल तू. पण स्वतः दाराआडच उभी. बोलणं सरळ चाललंय तोवर गप्प. जरा वाकडं वळण घेतलं, की बहिणीला मागे ओढायची, 'तू आत जा', आणि पुढचं सगळं स्वतः बोलायची. आलेला मुलगा कशासाठी आला होता, ते बहिणीला कधी कळायचंच नाही.

रीक्का – बाहेरची चौकट आणि आतलं बटण.

ऑस्मो – आठवलं म्हणायचं. बोट पडतं बटणावर, पण बाहेरचं सरकतं पान दाराआड उभंच असतं. बोट हललं तांदळाच्या दाण्याएवढं, की पान म्हणतं, याला पान वर सरकवायचंय. बटणाला सांगतं, विसर, रद्द. आणि बोट स्वतः घेतं. आता एक्क्याऐंशी वर्षांची बाई, गोठलेली, उताणी पडलेली. तिचं बोट तीन सेकंद दगडासारखं राहील?

रीक्का – आधी राहत होतं ना. गेल्या वर्षी त्याच बेटावरून चार हाका आल्या.

ऑस्मो – तेव्हा ते पान सरकत नव्हतं. एक पान, मधोमध एक तांबडं बटण. ओढून घेणारं कुणी नव्हतंच.

रीक्का – हं.

ऑस्मो – मग शरदात कुणाला तरी वाटलं, बटणाच्या खाली जेवणाची यादी हवी. त्याखाली खुर्चीतल्या व्यायामाची चित्रं. पान लांबलं, ते सरकायला लागलं.

रीक्का – नगरपालिकेने मागितली होती यादी.

ऑस्मो – आणि तू दिलीस. गुरुवारी काय आहे? वाटाण्याचं सूप. मार्ताला शेवटपर्यंत तेवढं नीट दिसत होतं बघ, पान वर-खाली सरकत होतं तेव्हा.

रीक्का – ऑस्मो, पुरे. मी यादी घातली, कबूल. पण घातलेलं चालतं का, हे बघायला माणूस ठेवलाय. तुमचाच कागद आहे हा. सतरा ऑक्टोबर, शुक्रवार. 'मदतीचं बटण : पास.' ही सही कुणाची?

ऑस्मो – कॉफी आहे का अजून?

रीक्का – सही कुणाची, ऑस्मो?

ऑस्मो – माझी. कॉफी दे.

(ती ओतते. कप अर्धाच भरते.)

ऑस्मो – त्या शुक्रवारी मी बटण दाबलं. लागलं नाही. पुन्हा दाबलं, लागलं नाही. पान आपलं खाली-वर, खाली-वर.

रीक्का – मग 'पास' का लिहिलंत?

ऑस्मो – कारण मला वाटलं, हात माझा वाईट आहे.

(ती कॉफीचं भांडं परत जागेवर ठेवते.)

ऑस्मो – तू विचारत नाहीयेस, कसला हात.

रीक्का – सांगा ना पुढचं.

ऑस्मो – तिसऱ्या वेळी मी उजवं मनगट डाव्या हाताने धरलं. असं. कोपर टेबलाला टेकवलं, श्वास धरला. एक, दोन, तीन. बटण लागलं. पास लिहिलं, कोट घातला, घरी गेलो. वाटेत दालचिनीचा पाव घेतला, इतका खूश होतो. अजून एक शुक्रवार कुणाला कळलं नाही म्हणून.

रीक्का – डॉक्टरांना कधी दाखवलंत?

ऑस्मो – तीन वर्षं झाली. गोळी आहे, सकाळची बरी असते. दुपारनंतर हात स्वतःच्या मनाचा मालक.

रीक्का – आणि मला सांगावंसं वाटलं नाही.

ऑस्मो – तुला? तुला माहीत होतं.

रीक्का – काय बोलताय?

ऑस्मो – हा कप बघ. दोन वर्षं झाली, इथे सगळ्यांना काठोकाठ कॉफी मिळते, आणि मला अर्धा कप. मी काय लहान मूल आहे? पहिल्यांदा वाटलं, कॉफी संपत आली असेल. मग रोजच संपत यायला लागली.

रीक्का – सांडायची तुमची. तुम्ही ओशाळायचात. मी तोंड फिरवायचे, सगळे फिरवायचे. त्यापेक्षा अर्धा बरा.

ऑस्मो – आणि कोड लिहिण्यावरून काढून मला चाचणीवर बसवलंस, तेव्हा?

रीक्का – टंकताना तुम्हाला त्रास होत होता. एकेक ओळ तीनदा पुसायचात. मी तुमची अब्रू राखली, ऑस्मो. दुसऱ्या कुणी निवृत्तीचा केक मागवला असता.

ऑस्मो – राखलीस खरी. मीही तुझी मेहेरबानी राखली, मनगट धरून. आता नीट ऐक. ह्या सबंध कचेरीत थरथरणारा हात एकच होता. बाकी सगळे तिशीतले, बोटं कशी सुईसारखी. ज्या कामाला असाच हात हवा होता, नेमका तो आपल्याकडे होता, पगारावर होता, दर शुक्रवारी बटणावर पडत होता. आणि तो आपण दोघांनी मिळून लपवला.

रीक्का – तुम्ही एक शब्द बोलला असतात तर—

ऑस्मो – आणि तू एक कप भरला असतास तर. माशाच्या पोटातून फोन लागायचा आमचा. त्या बाईला स्वतःच्या स्वयंपाकघरातून लागला नाही. परिचारिकेला ती काय म्हणाली, ठाऊक आहे? मी विचारलं फोन करून. म्हणाली, फोनला काही बोलू नका, माझाच हात वाईट आहे.

रीक्का – असं म्हणाली?

ऑस्मो – शब्दन् शब्द. माझाच.

रीक्का – दुरुस्तीला किती वेळ लागेल?

ऑस्मो – एक ओळ. बटणाने बाहेरच्या पानाला सांगायचं, हे बोट उठेपर्यंत मधे पडू नकोस. सांगायची सोय आधीपासून आहे. बहिणीला ती सोय नव्हती. बटणाला होती, आपण वापरली नाही.

रीक्का – आजच घालते. आणि कागद बदलू या.

ऑस्मो – काय लिहिशील?

रीक्का – 'वापरणाऱ्याची चूक' काढते. 'चाचणी करणाऱ्याने प्रकृतीची बाब लपवली, त्यामुळे दोष निसटला.' केर्त्तूलाही तीच प्रत.

ऑस्मो – किती चटकन जागा सापडली, बघ. दोषाच्या खुर्चीतून मार्ता उठली, मी बसलो.

रीक्का – तुम्हीच आत्ता म्हणालात ना, मनगट धरलं म्हणून?

ऑस्मो – म्हणालो, लिही. त्याला ना नाही. मार्ताने एकसष्ट वेळा दाबलं, तेही लिही, अक्षरात. आणि यादी कुणी घातली?

रीक्का – ते... नगरपालिकेशी आधी बोलावं लागेल.

ऑस्मो – आणि अर्धा कप?

रीक्का – अहवालात कपाचं काय काम, ऑस्मो? बावीस गावं आहेत आपल्याकडे. बावीस गावांतली म्हातारी माणसं. उद्या त्यांनी सगळ्यांनी ॲप काढून टाकलं, तर कुणाचं भलं होणार आहे?

ऑस्मो – तुलाच कोड शिकवलं मी. चांगलं शिकलीस. मधे कधी पडायचं आणि कधी नाही, बरोबर कळतं तुला.

रीक्का – हे लागेल असं बोललात.

ऑस्मो – लागावं म्हणूनच बोललो. दे पेन. एकसष्ट लिहिलंस?

रीक्का – लिहिलं. अक्षरात. हे बघा.

ऑस्मो – 'मार्ता हिल्तुला यांनी बटण योग्य रीतीनेच दाबलं.' हेही घाल. रीतीनेच, च सकट.

रीक्का – घातलं. छापून आणते.

ऑस्मो – आण.

रीक्का – हं, इथे. माझ्या नावाच्या वर. मनगट धरू का तुमचं?

ऑस्मो – हात लावू नकोस. झाली.

रीक्का – ही जुन्या कागदांवरच्या सहीशी जुळत नाही. नगरपालिका विचारेल.

ऑस्मो – त्या सह्या मनगट धरून केलेल्या. ही माझी.

रीक्का – ठीक आहे. सांगेन तसं.

ऑस्मो – सोमवारी केक मागव. बिलबेरीचा. क्रीमचा नको, तो काट्यावर ठरत नाही माझ्या.

रीक्का – कॉफी गार झाली तुमची. दुसरी ओतू?

ऑस्मो – ओत. काठोकाठ.

रीक्का – सांडेल.

ऑस्मो – सांडेलच. तू तोंड फिरवू नकोस, एवढंच.